कापडी वेल – करावी कशी, विकावी कशी



आज आपण कापडाची वेल करायला शिकणार आहोत. ही शोभेची वेल. दाराच्या चौकटीवर, मखराभोवती, दुकानाच्या फळीवर सोडायची. तिला लागणारे सामान बहुतेक घरातच असते. जुने सुती लुगडे, सुतळी, थोडी तार आणि वाटीभर खळ.

पण कृती सांगण्याआधी घडलेली एक गोष्ट सांगतो. तीत माझीही चूक आहे. म्हणून ती आधी सांगितलेली बरी.

१. चिठ्ठीतले एक अक्षर

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. हात मोठा कसबी. गोधडी शिवावी तर त्यांनीच. गौरी-गणपतीच्या दिवसांत त्या कापडाच्या पानाफुलांच्या माळा करतात. एका वर्षी शहरातला एक दुकानदार पाहुणा म्हणून गावात आला. त्याने मावशींच्या दारावरची माळ पाहिली.

"अशा वेली मला करून द्याल का? काय घ्याल?" त्याने विचारले.

मावशींनी क्षणभर विचार केला आणि अंदाजाने सांगितले, "वेलीला ऐंशी रुपये."

तो लगेच हो म्हणाला. जाताना त्याने चिठ्ठी लिहून दिली. "वेली २०. लांबी ६ फू. दर ८० रु."

मावशींना तेव्हा वाचता येत नव्हते. नात दुसरीत होती. तिने वाचले, "वीस... सहा... ऐंशी." पण 'फू' म्हणजे काय, ते तिला कळेना. तेव्हा मावशी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. मी एसटी गाठायच्या घाईत होतो. चपला घालता घालता मी चिठ्ठीवर नजर टाकली.

"गुरुजी, वीस वेली आणि सहाच ना?"

"होय मावशी, सहाच," असे म्हणून मी निघालो.

सहा काय, ते मी सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही.

मावशींनी जन्मभर दोर मोजला तो हाताने. कापड मोजले ते हाताने. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. एक हात म्हणजे साधारण दीड फूट. मावशींनी वेली केल्या सहा हात लांब. सहा हात म्हणजे नऊ फूट.

सासू-सुनांनी रात्री जागून वीस वेली पुऱ्या केल्या. दुकानदार आला. त्याने टेप लावून पाहिला. तो काही बोलला नाही. १,६०० रुपये मोजून दिले आणि वेली घेऊन गेला.

पुढे महिन्याभराने मावशींची सून कामानिमित्त शहरात गेली. त्या दुकानात डोकावली. घरच्याच वेली टांगलेल्या दिसल्या. तिने मोजल्या, तर वीस नव्हत्या. तीस होत्या. दुकानदाराने प्रत्येक वेलीचे वरचे तीन फूट कापून घेतले होते. दोन-दोन तुकडे जोडून आणखी दहा वेली केल्या होत्या. दहा वेली त्याला फुकट मिळाल्या.

दुकानदाराने सांगायला हवे होते, यात शंका नाही. पण चिठ्ठीत त्याने खोटे काही लिहिले नव्हते. तिथे 'फू' हे अक्षर होते. ते मावशींना वाचता आले नाही. मला वाचता येत होते, पण मी ते वाचून दाखवले नाही.

सून परत आल्यावर मावशी माझ्याकडे आल्या. मला एक शब्दही लागेल असा बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, ते अक्षर आता मलाच शिकवा."

त्या दिवसापासून त्या वर्गाला येऊ लागल्या. खालची कृती त्यांचीच आहे. मी फक्त लिहून काढली.

२. खरी असताना खोटी कशाला?

तुम्ही म्हणाल, रानात इतक्या वेली आहेत, मग कापडाची कशाला करायची?

प्रश्न बरोबर आहे. जिथे ऊन आणि पाणी आहे तिथे खरीच वेल लावावी. तिच्यासारखी शोभा दुसरी नाही. पण शहरात अनेक घरांना अंगण नसते. कित्येक खोल्यांत ऊन येत नाही. दुकानात, उपाहारगृहात, लग्नाच्या मांडवात खरी वेल टिकत नाही. तोडलेली पाने संध्याकाळपर्यंत माना टाकतात. अशा ठिकाणी लोक करून ठेवलेली वेल घेतात.

हे काही आजचे नाही. आपल्याकडे बाशिंगाला भेंडाची फुले लावीत. भेंड ही पाणथळ जागेत वाढणारी वनस्पती. तिचा गाभा पांढरा आणि हलका असतो. तो पातळ तासून त्याची फुले करतात. बंगालात तिला शोला म्हणतात. तिथे नवरदेवाचा मुकुट याच शोल्याचा करतात.

अलीकडे बाजारात प्लॅस्टिकच्या वेली फार आल्या. त्या धुता येतात, हे खरे. पण जुन्या झाल्या की कुजत नाहीत. नाल्यात अडकतात. उकिरड्यावर पडून राहतात. २०१८ साली महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून कागदाच्या आणि कापडाच्या सजावटीकडे पुष्कळ लोक वळले. सुती कापड आणि सुतळी मातीत कुजून जाते. तार तेवढी काढून ठेवली की झाले.

शहरातल्या लोकांना हल्ली घरात रानासारखा देखावा आवडतो. केळीची पाने, माडाच्या झावळ्या, खाली लोंबणाऱ्या हिरव्यागार वेली. याला ते उष्ण प्रदेशातली सजावट म्हणतात.

उष्ण प्रदेश म्हणजे कोणता? पृथ्वीच्या गोलावर दोन रेषा मानलेल्या आहेत. उत्तरेला कर्कवृत्त, दक्षिणेला मकरवृत्त. या दोन रेषांमधला पट्टा म्हणजे उष्ण कटिबंध. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणजे तो उष्ण कटिबंधातच येतो. शहरातला माणूस जो देखावा विकत घेतो, तो तुमच्या बांधावर आहे. चित्र पाहून वेल करणाऱ्यापेक्षा, रोज वेल पाहणाऱ्या माणसाला ती अधिक चांगली करता येईल. मात्र नीट पाहिली पाहिजे.

३. आधी खरी वेल पाहा

कात्री हातात घेण्याआधी एकदा शिवारात जा. लिंबावर चढलेली गुळवेल पाहा. मिरज तालुक्यातल्या लोकांनी पानमळ्यात जावे. तिथे शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या आधाराने नागवेल चढवलेली असते. कोकणातल्या लोकांनी पोफळीवर चढलेली मिरीवेल पाहावी. कुणाच्या दारात बाटलीत लावलेला मनी प्लांट असेल, तर तोही चालेल. हा मनी प्लांट मूळचा फार दूरचा. पॅसिफिक महासागरात मोरेआ नावाचे बेट आहे, तिथला. आज तो घरोघरी आहे.

पाहताना पाच गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट – पान कुठे फुटते? पान कुठेही फुटत नाही. वेलीला पेरे असतात. पेऱ्यावर पान येते. नागवेलीला एका पेऱ्यावर एकच पान असते.

दुसरी गोष्ट – पाने कोणत्या बाजूला येतात? एक डावीकडे, पुढचे उजवीकडे, त्याच्या पुढचे पुन्हा डावीकडे. समोरासमोर जोडी नसते. पुष्कळ लोक इथेच चुकतात. ते तोरणासारखी जोडी बांधतात. मग ती वेल वेलीसारखी दिसत नाही.

तिसरी गोष्ट – पानाचा आकार सगळीकडे सारखाच आहे का? नाही. जुनी पाने मोठी असतात. शेंड्याकडची कोवळी पाने लहान असतात.

चौथी गोष्ट – रंग. जून पान गडद हिरवे, कोवळे पान फिकट. पानाची मागची बाजूही थोडी फिकटच असते.

पाचवी गोष्ट – देठ. पान खोडाला चिकटलेले नसते. मध्ये देठ असतो. गुळवेलीचा देठ तर चांगला लांब असतो. देठामुळेच पान वाऱ्यावर हलते.

कारल्याच्या वेलीला वेटोळे घातलेले तंतू असतात. नागवेलीला ते नसतात. तिला पेऱ्यापाशी बारीक मुळ्या फुटतात आणि त्यांनी ती आधार धरते. म्हणून नागवेलीला कारल्याचे तंतू लावू नयेत. ज्याला वेल माहीत आहे, तो पाहताच हसेल.

हे सगळे पाहून घरी आलात की पाटीवर किंवा वहीत पाच ओळी लिहा. आठवणीवर भरवसा ठेवू नका. मावशी म्हणतात, "मी चाळीस वर्षं गुळवेल बघितली. पण पानं एकाआड एक असतात, हे लिहायला बसले तेव्हा दिसलं."

४. सामान आणि मोजमाप

आपण ६ फूट लांबीची एक वेल करणार आहोत. पान नागवेलीसारखे, बदामाच्या आकाराचे.

आधी मापे समजून घेऊ. १ फूट म्हणजे १२ इंच. म्हणून ६ फूट म्हणजे ७२ इंच. दर ३ इंचांवर एक पान लावायचे. ७२ भागिले ३ बरोबर २४. म्हणजे एका वेलीला २४ पाने लागतात.

पाने तीन मापांची करायची.

मोठी पाने ८ – लांबी ४ इंच, रुंदी ३ इंच.
मधली पाने ८ – लांबी ३ इंच, रुंदी सव्वादोन इंच.
लहान पाने ८ – लांबी २ इंच, रुंदी दीड इंच.

आता सामान.

हिरवे जुने सुती कापड – दीड फूट लांब, दीड फूट रुंद.
सुतळी – २४ फूट.
बारीक तार, २४ गेज – १० फूट.
मैदा – २ चमचे. पाणी – १ वाटी. तुरटी – चिमूटभर.
लग्नपत्रिकेचा जाड कागद, कात्री, पेन्सिल, मोजायचा टेप.

तारेविषयी एक खूण सांगून ठेवतो. तार दुकानात गेजच्या आकड्याने मिळते. इथे आकडा उलटा चालतो. आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. १८ गेजची तार जाड असते. २४ गेजची बारीक असते. जाड तारेने पान जड होते आणि खाली पडते. "चांगली जाड द्या" म्हणून मागू नका. चोवीस गेज म्हणून मागा आणि वेष्टनावरचा आकडा स्वतः वाचा.

टेपविषयीही एक खूण. टेपला दोन अंगे असतात. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. १ इंच म्हणजे जवळजवळ अडीच सेंटिमीटर. भारतात मीटर-किलोची मापे १९५६ सालच्या कायद्याने आली. तरी शिंपी, सुतार आणि मांडववाले फूट-इंच बोलतात. तुम्हाला दोन्ही यायला हवे. ६ फूट म्हणजे सुमारे १८३ सेंटिमीटर. २ मीटर म्हणजे मात्र २०० सेंटिमीटर. ते ६ फुटांपेक्षा साधारण ७ इंचांनी जास्त भरतात. 'दोन मीटर म्हणजे सहा फूटच की' असे म्हणून सोडून देऊ नका. वीस वेलींत ते सात-सात इंच कितीतरी होतात.

५. कृती

पहिली पायरी – खळ. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा. गुठळी राहू देऊ नका. मग उरलेले पाणी घाला. मंद आचेवर ढवळत राहा. घट्टसर झाली की उतरवा. तुरटी घाला. तुरटीने खळ लवकर आंबत नाही.

दुसरी पायरी – कापड ताठ करणे. थोडी घट्ट खळ वाटीत बाजूला काढून ठेवा. बाकीची पाण्याने थोडी सैल करा. कापड स्वच्छ धुऊन त्यात बुडवा. हलके पिळा. परातीच्या पाठीवर सुरकुती न पडता पसरा. उन्हात वाळवा. असे कापड कागदासारखे कापता येते. कडेचे दोरे सुटत नाहीत.

तिसरी पायरी – पानाचा नमुना. लग्नपत्रिकेच्या कागदाचा ४ इंच लांब, ३ इंच रुंद तुकडा घ्या. तो लांबीच्या दिशेने मधोमध दुमडा. दुमडीपासून अर्धे पान काढा. कात्रीने कापा. उघडले की दोन्ही बाजू सारख्या झालेल्या दिसतील. असेच मधल्या आणि लहान पानांचे नमुने करा. नमुन्यावर मापे लिहून ठेवा. हे नमुने वर्षानुवर्षे चालतात.

चौथी पायरी – पाने कापणे. नमुना कापडावर तिरपा ठेवा. पेन्सिलीने रेघ मारा आणि कापा. तिरप्या कापलेल्या पानाला बाक चांगला येतो. लहान पानांसाठी कापडाचा फिकट भाग निवडा. जुन्या लुगड्यात विटलेला भाग असतोच. तो इथे कामाला येतो.

पाचवी पायरी – शीर आणि देठ. मोठ्या पानाला ६ इंच, मधल्याला ५ इंच आणि लहानाला ४ इंच तार कापा. तार पानाच्या मागच्या बाजूला मधोमध ठेवा. टोकापासून अर्धा इंच आत थांबा. पाव इंच रुंदीची कापडाची पट्टी घट्ट खळीने तारेवर चिकटवा. वर थाळी ठेवून वाळू द्या. खाली उरलेली तार म्हणजे देठ.

सहावी पायरी – खोड. सुतळीचे ८ फुटांचे तीन तुकडे घ्या. त्यांची तीनपेडी वेणी घाला. वेणी घातल्यावर सुतळी आखडते, म्हणून ६ फुटांसाठी ८ फूट घ्यायची. वरच्या टोकाला टांगण्यासाठी फास ठेवा. फासापासून ६ फूट मोजा आणि गाठ मारा. उरलेले कापून टाका. सुतळी हिरव्या रंगात आधीच बुडवून वाळवली तर अधिक चांगली.

सातवी पायरी – पाने बसवणे. वेणीवर दर ३ इंचांवर पेन्सिलीने खूण करा. फासाकडून सुरुवात करा. आधी ८ मोठी, मग ८ मधली, शेवटी ८ लहान. एक डावीकडे, एक उजवीकडे. देठाची तार वेणीच्या पेडांतून आरपार घाला. खोडाभोवती दोन-तीन वेढे द्या. देठाला इंचभर तार मोकळी राहू द्या. तारेचे टोक आत दाबा आणि वर खळ लावलेली कापडाची चिंधी गुंडाळा. हे विसरू नका. उघड्या टोकाने मुलांच्या बोटाला इजा होते.

आठवी पायरी – बाक देणे. वेल टांगा. थोडे मागे जाऊन पाहा. प्रत्येक पानाची शीर बोटाने किंचित वाकवा. सगळी पाने एकाच दिशेला नकोत. कुठले वर पाहील, कुठले खाली. झाली वेल.

६. वेलीची जपणूक

सुती कापड, सुतळी आणि खळ हे तिन्ही पेट घेतात. देवाजवळच्या समईपासून, चुलीपासून, उदबत्तीपासून वेल निदान ३ फूट लांब ठेवा. मखराला लावली तर वाऱ्याने ती दिव्याकडे जाणार नाही, अशी बांधा.

वेलीत तार आहे. म्हणून विजेच्या वायरीवर, बटणांवर किंवा दिव्यांच्या माळेवर ती गुंडाळू नका. वायर कुठे उघडी पडली असेल तर तारेतून झटका बसेल.

खळ हे किड्यांचे खाणे आहे. कसर, झुरळ, उंदीर तिला लागतात. पावसाळ्यात वेल ट्रंकेत दाबून ठेवू नका. कोरड्या जागी टांगा. ठेवायचीच असेल तर आधी उन्हात वाळवा आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. वेल धुऊ नका, खळ निघून जाईल. धूळ मऊ फडक्याने झटका. सतत उन्हात ठेवली तर रंग विटतो.

विकताना या गोष्टी गिऱ्हाइकाला सांगा. सांगून विकलेला माल परत येत नाही.

७. हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुम्ही आपल्या गावचे भाव घालावेत. रीत मात्र हीच ठेवावी.

एका ६ फुटी वेलीचे सामान –
कापड १० रुपये.
सुतळी ६ रुपये.
तार १२ रुपये.
खळ आणि रंग ७ रुपये.
एकूण ३५ रुपये.

कापड घरचे आहे म्हणून ते फुकट धरू नका. तेच लुगडे बोहारणीला दिले असते तर भांडे आले असते.

आता मजुरी. काम सुरू केले ती वेळ लिहा. काम थांबले ती वेळ लिहा. मध्ये स्वयंपाकाला उठलात तर तेवढा वेळ वजा करा. मावशींना एका ६ फुटी वेलीला अडीच तास लागतात. तासाची मजुरी कशी काढायची? शेतावर दिवसाची जी मजुरी मिळते, तिला तासांनी भागा. समजा ८ तासांचे ३२० रुपये. म्हणजे तासाचे ४० रुपये. अडीच तासांचे १०० रुपये.

एसटीचे भाडे आणि खराब होणारा माल, यासाठी वेलीमागे १५ रुपये धरा.

३५ अधिक १०० अधिक १५ बरोबर १५० रुपये. हा वेलीचा भाव.

आता मावशींच्या त्या पहिल्या व्यवहाराकडे पाहू. याच आकड्यांनी मोजू. भाव होता ८० रुपये. वेल ६ फुटी असती, तर सामानाचे ३५ जाऊन ४५ रुपये उरले असते. अडीच तासांचे ४५, म्हणजे तासाचे १८ रुपये. पण वेल झाली ९ फुटांची. सामान दीडपट लागले, म्हणजे ५२ रुपये ५० पैसे. उरले २७ रुपये ५० पैसे. वेळही दीडपट लागला, म्हणजे पावणेचार तास. तासाला साडेसात रुपयेसुद्धा पडले नाहीत.

हा हिशेब आम्ही वर्गात फळ्यावर मांडला. मावशी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अक्षरापायी गेलं ते गेलंच. पण भावसुद्धा मी न मोजताच सांगितला होता."

त्यांचे म्हणणे खरे होते. दोन चुका झाल्या होत्या. एक वाचण्याची, एक मोजण्याची. पहिली झाली नसती तरी दुसरी होतीच.

८. मागणीची चिठ्ठी

म्हणून मागणी तोंडी घेऊ नका. चिठ्ठी तुम्हीच लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. एक प्रत त्याला द्या, एक आपल्याजवळ ठेवा. चिठ्ठी अशी लिहावी.

दिनांक –
माल – कापडी वेल, नागवेलीचे पान.
नग – २०
एका वेलीची लांबी – ६ फूट
दर – एका वेलीला १५० रुपये
एकूण – ३,००० रुपये
विसार मिळाला – १,००० रुपये
बाकी – २,००० रुपये
माल देण्याची तारीख –
देणाऱ्याची सही –
घेणाऱ्याची सही –

चिठ्ठीत 'फू.', 'मी.', 'रु.' अशी तोडकी अक्षरे घालू नका. फूट, मीटर, रुपये असे पुरे लिहा. शाई थोडी जास्त जाईल, पण वाद होणार नाही. विसार घेतल्याशिवाय सामान आणू नका. आणि सही करण्याआधी चिठ्ठी एकदा मोठ्याने वाचा. दोघांनी ऐकली म्हणजे दोघांना सारखीच कळते.

गेल्या गौरी-गणपतीच्या आधी मावशींकडे एक मांडववाला आला. "आठची माळ पाहिजे," म्हणाला. मावशींनी वही पुढे ओढली. डोळ्यांवर चष्मा लावला.

"आठ काय? हात, फूट का मीटर?" त्यांनी विचारले.

मांडववाला म्हणाला, "फूट."

मावशींनी सावकाश लिहिले – आठ फूट. मग चिठ्ठी त्याच्यासमोर धरून मोठ्याने वाचली आणि मगच भाव सांगितला.

अभ्यास

१. नागवेलीच्या एका पेऱ्यावर किती पाने असतात? ती कशी येतात?
२. १८ गेज आणि २४ गेज यांपैकी कोणती तार बारीक?
३. एक वेल ४ फुटांची करायची आहे. दर ३ इंचांवर एक पान लावायचे. किती पाने लागतील? अशा १२ वेलींना किती?
४. २० वेली प्रत्येकी ३ फूट जास्त लांब झाल्या. एकूण किती फूट जास्त झाल्या? त्यांतून ६ फुटांच्या किती वेली होतील?
५. वेल समईपासून किती लांब ठेवावी? का?
६. तुमच्या शिवारातली एक वेल पाहून या. तिच्याविषयी पाच ओळी लिहा.
७. वरच्यासारखी मागणीची चिठ्ठी वहीत लिहा. शेजाऱ्याकडून ती मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही लिहिले तेच त्याने वाचले का, ते पाहा.